कजाची वही

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे साधारण तेहतीस वर्षांत हा महिना सगळ्या ऋतूंमधून फिरून पुन्हा जागेवर येतो. म्हणून आईच्या कॉलेजातला रमजान आणि मुलीच्या कॉलेजातला रमजान पुष्कळदा एकाच हंगामात पडतो. मी १९८८ साली पुण्यात होस्टेलवर होते तेव्हा रोजे एप्रिलच्या मध्यानंतर सुरू झाले. माझी मुलगी २०२२ साली पुण्यातच होस्टेलवर होती तेव्हा पहिला रोजा ३ एप्रिलला आला. तेच ऊन, त्याच परीक्षा आणि घराबाहेर राहणाऱ्या मुलांचे तेच प्रश्न. तिचा प्रश्न फोनवरून क्षणात माझ्याकडे येतो. माझे प्रश्न पत्रातून जायचे आणि उत्तराला कधी पंधरा दिवस, कधी महिना लागायचा, कारण अब्बा जहाजावर असायचे.

प्रश्न तरी कोणते? पहिला आणि सगळ्यांत जास्त विचारला जाणारा : होस्टेलवर राहणारा विद्यार्थी मुसाफिर असतो का? घरापासून दोनशे-तीनशे किलोमीटर लांब राहतो, म्हणजे प्रवासीच की, असं पुष्कळ मुलं धरून चालतात. आणि ज्यांना खरोखर प्रवासात सवलत आहे, ती मुलं मात्र रेल्वेच्या जनरल डब्यात जीभ कोरडी पडेपर्यंत रोजा ओढत नेतात. सवलत जिथे नाही तिथे घ्यायची आणि आहे तिथे घ्यायला लाजायचं, हा उलटा व्यवहार मी गेली कितीतरी वर्षं पाहते आहे.

सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत गोष्ट सरळ सांगितलेली आहे. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने तेवढे दिवस नंतर भरून काढावेत. अल्लाहला तुमच्यासाठी सोय हवी आहे, अडचण नको आहे. ज्या आयतीत महिनाभर रोजे ठेवण्याचा हुकूम आहे त्याच आयतीत ही सूटही आहे. आपण मक्तबमध्ये हुकूम पाठ करतो आणि सूट मौलानांवर सोपवून देतो.

आता प्रवास म्हणजे किती? आपल्याकडचे उलमा साधारणपणे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरतात. काही थोडे जास्त सांगतात. तेवढ्या अंतराच्या इराद्याने माणूस आपल्या गावाची वेस ओलांडतो तेव्हा तो मुसाफिर होतो. पण पोहोचल्यावर तिथे किती दिवस राहायचं ठरवलं आहे त्यावर पुढचं अवलंबून असतं. हनफी मसलकात पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा केला की तो मुकीम, म्हणजे रहिवासी. शाफई मसलकात येण्याचा आणि जाण्याचा दिवस वगळून चार पूर्ण दिवस पुरेसे. होस्टेलवरचा मुलगा तिथे सहा-सहा महिन्यांसाठी राहतो. दोन्ही हिशेबांनी तो मुकीम. त्याला रोजा आहे. आणि शनिवार-रविवारसाठी घरी आला तर? घर हे त्याचं मूळ वतन. तिथे एक दिवस थांबला तरी तो मुकीमच. तो मुसाफिर असतो फक्त मधल्या रस्त्यावर.

माझं माहेर चिपळूणजवळचं, कोकणी, म्हणजे शाफई. सासर मिरजेचं, हनफी. त्यामुळे हे दोन्ही हिशेब आमच्या घरात जेवणाच्या ताटावर होतात. एकदा मुलीला दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला जायचं होतं. माझ्या हिशेबाने ती तिथे मुकीम, रोजा धरायला हवा. तिच्या अब्बांच्या हिशेबाने दहा दिवस म्हणजे मुसाफिर, धरला तर उत्तम, नाही धरला तरी चालेल. वाद झाला नाही. ती हनफी घरात वाढली आहे, तिच्यासाठी त्यांचा हिशेब चालेल, एवढं बोलून मी पोळ्या लाटायला गेले. या बाबतीत एक बारकावा मला नेहमी गमतीचा वाटतो. होस्टेलवरची मुलगी घरी आली आणि पुन्हा आठच दिवसांसाठी, शेवटच्या पेपरपुरती पुण्याला गेली, तर जुन्या हनफी नियमाने ती स्वतःच्याच खोलीत मुसाफिर ठरते. काही मुफ्ती म्हणतात की खोली तिची आहे, गादी-पुस्तकं तिथेच आहेत, मग तिचा मुक्काम तुटलेलाच नाही. मी स्वतः दुसऱ्या बाजूची. ज्या कपाटाची किल्ली पर्समध्ये आहे ते घर नाही असं कसं म्हणायचं?

अब्बा जहाजावर इंजिन-रूममध्ये होते. वरच्या डेकवर वारा असतो, खाली भट्टी. सफरीवर असताना ते कधी रोजा धरायचे, कधी नाही. पण एक लांबट वही ते कायम जवळ ठेवायचे. त्यात जहाजाचं नाव, बंदर, सुटलेल्या रोजांचा आकडा आणि समोर रिकामी जागा. सुट्टीवर गावी आले की डिसेंबर-जानेवारीत ते रोजे फेडायचे आणि रिकाम्या जागेत तारीख घालायचे. आमच्याकडे मे महिन्यातल्या रोजापेक्षा डिसेंबरचा रोजा जवळपास दोन तासांनी लहान, शिवाय गारवा. शेजारी म्हणायचे, हिवाळ्यात फेडून हा सूट मारतो. अब्बा म्हणायचे, नंतरचे दिवस कोणते ते अल्लाहने माझ्यावर सोडलंय, तुमच्यावर नाही. घरातलं आम्हा मुलांना ती वही माहीत होती. रोजा सुटला हे लपवायची गोष्ट नाही, लिहून ठेवायची गोष्ट आहे, हे मी कुठल्या किताबात वाचण्याआधी त्या वहीत पाहिलं.

१९८८ च्या त्या रमजानात अब्बा गावी होते आणि मी पुण्याहून घरी निघाले होते. सकाळी सहाची एस.टी. होस्टेलवर सहरी करून निघाले, रोजा होता. कराडच्या अलीकडून गाडी पाटणच्या रस्त्याला लागली आणि ऊन चढलं. कोयनानगर मागे पडून कुंभार्ली घाट सुरू झाला तेव्हा पोटात कालवायला लागलं, आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मी खिडकीतून ओकले. शेजारच्या मावशींनी आवळा पुढे केला. मागच्या बाकावर आमच्याच गावचे एक चाचा होते, ते मोठ्याने म्हणाले, "गेला रोजा! आता खाऊन घे." मी चूळ भरली आणि तशीच बसून राहिले. घरी पोहोचल्यावर अब्बांना विचारलं. ते म्हणाले, आपोआप झालेल्या उलटीने रोजा तुटत नाही. मुद्दाम काढली असतीस तर गोष्ट वेगळी. मग मी दुसरं विचारलं : पण मी तर प्रवासात होते, दोनशे किलोमीटरहून जास्त, मला सूट नव्हती का? त्यांनी विचारलं, पहाट झाली तेव्हा कुठे होतीस? होस्टेलवर. मग तो रोजा तुझ्यावर होता, ते म्हणाले. पहाटेला जो आपल्या मुक्कामी आहे आणि नंतर निघाला, त्याने तो दिवस पुरा करायचा. शाफईत तसंच आणि हनफीतही तसंच. आणि मग थोडं थांबून, "पुढच्या वेळी रातराणीने ये. पहाटेला गाडीत असशील तर मर्जी तुझी."

माझ्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना मी फिक्हचा धडा देत नाही, एवढंच विचारते : फजरच्या वेळेला तू कुठे असणार? पुण्याहून दुपारी निघणाऱ्या कोयना एक्सप्रेसने मिरजेला येणारी मुलगी पहाटे होस्टेलवर असते, तिचा रोजा ठरलेला. संध्याकाळी निघून दुसरा अख्खा दिवस गाडीत काढणारी मुलगी पहाटेला मुसाफिर असते, तिला त्या दिवशी मोकळीक. इतकं कळलं तरी निम्मे फोन कमी होतील.

बाकी होस्टेलवरच्या रमजानात खरी अडचण मसल्यांची नसतेच, मेसची असते. रात्री नऊला मेस बंद आणि सहरी साडेचारच्या आत उरकायची. आमच्या वेळी खोलीत शेगडी लावायला बंदी होती. मी रात्रीच्या दोन पोळ्या डब्यात बाजूला काढायचे, सोबत गूळ-तूप, केळी आणि थर्मासमधला चहा, जो पहाटेपर्यंत कोमट काढ्यासारखा लागायचा. इफ्तारला कधी मोमिनपुऱ्यातल्या ओळखीच्या घरून डबा यायचा तेव्हा चार मुली जमायच्या आणि त्यातली मुसलमान मी एकटीच. माझी रूममेट अकोल्याकडची. चावीचं घड्याळ तिचं होतं, म्हणून गजर तीच लावायची. पहिल्या वर्षी महिन्याच्या मध्ये एका रात्री मी तिला म्हटलं, उद्यापासून काही दिवस गजर नको. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. आणि परत कधी लावू ते सांग." संपलं. घरी असते तर या पाच-सहा दिवसांत मला स्वयंपाकघराच्या दाराआड घाईघाईने दोन घास खावे लागले असते आणि वडीलधारे पुरुष आले की ताट झाकावं लागलं असतं. मासिक पाळीत रोजा नाही, नंतर त्याची कजा आहे, नमाजाची कजा नाही. हे प्रत्येक मुसलमान घरात ठाऊक असतं आणि तरीही प्रत्येक घरात बाई रोजा असल्याचं नाटक करते. ते नाटक मी परक्या शहरात, एका हिंदू मुलीच्या खोलीत सोडलं आणि पुन्हा कधी केलं नाही.

हे लपवणं साधं नसतं, त्याची किंमत द्यावी लागते. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा नागपूरला शिकत होता. २०१८ साली रमजान मेच्या मध्याला सुरू झाला. परीक्षा संपवून तो घरी निघाला. सकाळी सातच्या सुमाराला नागपुरात गाडीत बसला, जनरल डबा, रोजा होता. विदर्भातला मे महिना ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. भुसावळच्या आसपास त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि डब्यातल्या कुणीतरी तोंडाला लावलेली बाटली तो गटागटा प्यायला. घरी त्याने सांगितलं नाही. सुट्टीनंतर होस्टेलवर एका सिनियरला सांगितलं. सिनियर म्हणाला, रमजानचा रोजा जाणूनबुजून तोडलास, कफ्फारा लागला. सलग साठ रोजे, मध्ये एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

साठ रोजे सलग एकोणीस वर्षांच्या मुलाने, मेसचं खाऊन, प्रॅक्टिकल्स सांभाळून कधी धरायचे? त्याने धरले नाहीत. आणि डोक्यावर साठ असताना नवे धरून काय उपयोग, असं वाटून २०१९ चा अख्खा महिना त्याने रोजाच धरला नाही. फोनवर आई विचारायची, आज सहरीला काय केलंस? तो काहीतरी सांगायचा. त्याचं जुम्याला जाणंही त्या वर्षात सुटलं. एका घोट पाण्याने सुरू झालेली गोष्ट कुठवर गेली पाहा.

२०२० साली लॉकडाऊनमध्ये तो गावी अडकला. २५ एप्रिलला पहिला रोजा होता. त्याच्या आदल्या रात्री तो अब्बांकडे येऊन बसला आणि हळूहळू सगळं सांगितलं. मी तेव्हा मिरजेत होते, मला हे अब्बांनीच फोनवर सांगितलं, आणि पुढे त्यानेही. अब्बांनी त्याला आधी विचारलं, तू कोण? तो गोंधळला. "शाफई ना? मग साठ कुठून आणलेस?" शाफई मसलकात खाण्यापिण्याने तुटलेल्या रोजाला साठ रोजांचा कफ्फारा नाहीच. कारण नसताना तोडला तर गुनाह आहे, तौबा आहे आणि त्या एका रोजाची कजा आहे. तो मोठा कफ्फारा रमजानच्या दिवसा पती-पत्नीच्या संबंधाने मोडलेल्या रोजासाठी आहे. हनफी मसलकात विनाकारण, जाणूनबुजून खाल्लं-प्यायलं तरी कफ्फारा येतो, पण जिवावर बेतणारी तहान असेल तर तिथेही एका रोजाच्या बदल्यात एकच. सिनियरने ऐकीव सांगितलं होतं, आणि तेही दुसऱ्या मसलकाचं, अर्धवट.

मग अब्बांनी वही काढली. तीस-पस्तीस वर्षांचे आकडे, एडन, कुवेत, मोंबासा. त्याने पानं उलटली आणि विचारलं, "नाना, हे सगळे तुमचे सुटलेले?" अब्बा म्हणाले, "सुटलेले नाहीत, फेडलेले. तारखा बघ." त्याच्यासाठी एका कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं : २०१८, एक. २०१९, एकोणतीस. पुढचा रमजान येईपर्यंत कजा न फेडल्याबद्दल शाफईत दर रोजामागे एक मुद्द धान्य द्यावं लागतं. मुद्द म्हणजे साधारण एक ओंजळ. मुलाला माहीत नव्हतं, त्यामुळे हे लागू होतं की नाही यावर बोलता येईल, पण अब्बांनी सावधगिरी म्हणून तांदूळ मोजायला लावले. गावात त्या दिवसांत हातावर पोट असलेल्यांची घरं बंद पडली होती, तांदूळ तिथे गेले. रोजे त्याने त्या हिवाळ्यात फेडले, कॉलेज ऑनलाइन होतं, घरचं जेवण होतं. अब्बा २०२२ साली गेले. वही भावाकडे आहे.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मार्च आला की आणखी एक प्रश्न येतो. २०२४ साली पहिला रोजा १२ मार्चला आला, तेव्हा दहावी-बारावीचे पेपर चालू होते. परीक्षा आहे म्हणून रोजा माफ, असं उलमा म्हणत नाहीत आणि मीही पालकांना तसं सांगत नाही. पण धरलेला रोजा चालू असताना मुलाची अवस्था खरोखर बिघडली, भोवळ आली, तर त्याने पाणी प्यावं आणि नंतर एक कजा करावी, हे मात्र मी आवर्जून सांगते, आणि मुलासमोर सांगते. आईबापांनी हे मुलाला आधीच सांगून ठेवलेलं असेल तर तो बहुधा रोजा पुरा करतो. दार उघडं आहे हे माहीत असलं की माणूस खोलीत शांत बसतो.

परदेशी गेलेल्या मुलांना तर हे अधिकच कळायला हवं. माझा एक भाचा जर्मनीत शिकायला होता, तेव्हा रमजान जूनमध्ये यायचा आणि रोजा अठरा तासांहून लांब. तो तिथे राहत होता, मुकीम होता, लांब दिवस म्हणून प्रवासाची सूट त्याला नव्हती. त्याने बरेच धरले, जे झेपले नाहीत ते तिथल्याच डिसेंबरमध्ये फेडले. तिथला डिसेंबरचा रोजा, तो सांगायचा, लेक्चर संपेपर्यंत संपतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मुलगी कॉलेजच्या प्रकल्प स्पर्धेसाठी दिल्लीला निघाली. चौघीजणी, त्यांतल्या दोघी मुसलमान. निघण्याच्या दिवसाचा रोजा तिने पुण्यातच सुरू केला होता, तो पुरा करून इफ्तारी गाडीत केली. दुसरा अख्खा दिवस गाडीत. सासूबाई फोनवर तिला म्हणाल्या, "सफर में रोजा नको पकड, बेटा. मगर नहीं पकडी करके किसकू नक्को बोल." पहिलं वाक्य शरीयतचं, दुसरं मोहल्ल्याचं. मुलीने पहिलं मानलं. इटारसीला तिने सगळ्यांसमोर पुरीभाजी घेतली. तिच्या मैत्रिणीने मात्र रोजा धरला होता. तिची मर्जी. पैगंबरांच्या सोबत प्रवासाला गेलेल्यांत काहींचा रोजा असायचा, काहींचा नसायचा आणि कुणी कुणाला नावं ठेवायचं नाही, असं हदीसमध्ये आलेलं आहे. मुलीने तिला खालचा बर्थ दिला, भोपाळला उतरून गार पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या, आणि मगरिबच्या आधी खजूर धुऊन ठेवले. दिल्लीचा मुक्काम तीनच दिवसांचा होता, तिथे माझा आणि तिच्या अब्बांचा हिशेब एकच निघाला. तिथला एक दिवस तिने रोजा धरलाही, हवा बरी होती म्हणून.

येऊन-जाऊन चार रोजे बाकी राहिले. ते तिने मोबाइलमध्ये लिहून ठेवले, तारखेसह. तीन डिसेंबरमध्ये झाले. चौथा जानेवारीत, सबमिशन संपल्यावर, होस्टेलवर धरला. त्याच दिवशी तिच्या रूममेटची संकष्टी होती. हिचा रोजा मगरिबला सुटला, तिचा उपास नऊनंतर, चंद्र उगवल्यावर. मेसवाल्या काकूंनी दोघींची ताटं वेगवेगळी झाकून ठेवली होती.